नऊ चष्म्यांचं उत्खनन

मंगळवार, ४

मानवी संस्कृतीच्या इतिहासात स्क्रू हा किरकोळ शोध मानला जातो. असं मानणाऱ्यांचा चष्मा कधी मोडलेला नसणार. माझ्या चष्म्याच्या उजव्या काडीचा स्क्रू आज सकाळी, या वर्षात अकराव्यांदा, पडला. आणि तो शोधायला जो चष्मा लागतो तो नेमका त्याच स्क्रूवाचून अधू झालेला! नियतीचा विनोद आणि माझ्या रविवारच्या सदरातला विनोद यांचा दर्जा सारखाच आहे हे मला आज कळलं. अर्धा तास मी स्वयंपाकघराच्या फरशीवर रांगत, तळव्यांनी चाचपत होतो. एक बटण, दोन मुंग्या आणि बायकोचा एक टोमणा एवढं हाती लागलं.

"जमिनीतून वस्तू शोधायचा तीस वर्षं पगार घेताय ना?" ही म्हणाली.

शेवटी सेफ्टी पिन लावली. आता मी मान वळवली की कानामागे टोचतं.

"अहो, नवा करा की. नंबरही बदलला असेल. पेपर किती लांब धरता, बघा जरा."

हिला माझ्या डोळ्यांचा फार सोस. दर उन्हाळ्यात बहिणीकडे जायच्या आधी ही कुठलंसं बारीक अक्षरांचं कार्ड माझ्यासमोर धरते, मला वाचायला लावते आणि ते डोळ्यांपासून किती लांब धरलंय ते शिवणाच्या टेपने मोजते. मासिकात काहीतरी आलेलं असतं म्हणे. मोजमापावर जगणाऱ्या माणसाचं त्याच्याच घरात असं माप काढलं जातं.

"माझा चष्मेवाला ठरलेला आहे," मी म्हणालो.

"ठरलेला होता," ही म्हणाली.

दादाला जाऊन आज नऊ दिवस झाले.

बुधवार, ५

सदर लोकांसाठी लिहितो. ही वही कुणासाठी नाही, तेव्हा इथे हशा पिकवायची सक्ती नाही.

दादाच्या दुकानात गेलो. घरापासून चालत पंचवीस मिनिटं. हे अंतर कापायला मला नऊ वर्षं लागली.

दुकान म्हणजे पुढची खोली, घर म्हणजे मागची, मधे पडदा. पुढे भिंतीवर उतरत्या अक्षरांचा तक्ता, समोर उंच स्टूल, बाजूला आरसा, काच घासायचं यंत्र आणि त्याखाली सहा खण. मागे पलंग, शेगडी, एक खुर्ची. गिऱ्हाइकाच्याच स्टुलावर बसल्या बसल्या तो गेला. घरमालकीण वरच्या मजल्यावर राहते. गुडघ्यांमुळे खाली उतरत नाही, जगाचा सगळा कारभार गॅलरीतून बघते. तिने वरूनच मला सांगितलं, "प्राध्यापकसाहेब, तीस तारखेपर्यंत खाली करून द्या हं. सलूनवाला येतोय."

म्हणजे माझ्या हातात पंचवीस दिवस आहेत. याहून कमी दिवसांत मी याहून मोठी टेकाडं खणली आहेत.

होय, मी हे रीतसर करायचं ठरवलंय. आमच्या शास्त्रात भूतकाळ वाचणाऱ्यांचे तीन मोठे पंथ आहेत. तिन्ही पंथांचे लोक एकमेकांचा चहा पितात, लेख मात्र वाचत नाहीत. पहिला पंथ माझ्या कैलासवासी गुरुजींचा. मडक्याचा घाट बदलला की गुरुजी सांगायचे, नवे लोक आले. कुठून आले? डोंगरापलीकडून. गुरुजींच्या हयातीत डोंगरापलीकडून इतके लोक आले की पलीकडे कोण उरलं असेल याची मला काळजी वाटायची. दुसरा पंथ माझा. मोजा, तक्ते मांडा, आधी तर्क लिहा आणि मग तो खोटा पाडायचा प्रामाणिक प्रयत्न करा. विद्यार्थी मला फूटपट्टी म्हणतात. तिसरा पंथ आमच्या विभागातल्या नव्या बाईंचा. त्यांना मी कहाणीबाई म्हणतो. त्यांचं म्हणणं, वस्तू म्हणजे काय हे नंतर. ती कुणासाठी काय होती हे आधी विचारा, आणि विचारणारा कोण आहे हेही विसरू नका. "कवितेला हे ठीक आहे," असं मी एकदा बैठकीत म्हणालो होतो. लोक हसले होते. माझ्या बोलण्यावर लोक हसतात, हा माझा जुना आजार आहे.

तर, संशोधनाचा प्रश्न: शेवटच्या नऊ वर्षांत दादाच्या लेखी मी कोण होतो?

शक्यता पहिली: कुणीच नाही. शक्यता दुसरी: शत्रू. तिसरी शक्यता मी लिहिलेली नाही. पुरावा नसताना आशा मांडणं शास्त्रात बसत नाही.

गुरुवार, ६

सहाही खण उपसले. पाचांत दुकानदारी: काड्या, नाकाची पॅडं, डब्यांत वर्गवारी करून ठेवलेले स्क्रू. माझ्या जन्माला पुरतील इतके स्क्रू! सगळ्यांत खालचा खण अडकला होता. ओढला तो पूर्ण बाहेर आला. पलंगावर पालथा केला. आत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेली नऊ पुडकी. फाडून बघितलं. नऊ चष्म्याची घरं, प्रत्येकात एक कोरा चष्मा. कागद पोत्यात कोंबले, पोतं दारात ठेवलं, दुपारी रद्दीवाला घेऊन गेला.

कामाचा पहिला दिवस झपाट्याने पार पडला. समाधान वाटलं.

शनिवार, ८

झपाट्याने! मी पहिल्या वर्षाच्या मुलांना पहिल्याच तासाला काय सांगतो? वस्तू उचलायच्या आधी तिची जागा टिपा. वस्तू कुठे पळून जात नाही, जागा जाते. आणि मी खण पलंगावर पालथा केला. वर कुठला होता, तळाशी कुठला, सगळा क्रम गेला. कुण्या विद्यार्थ्याने हे केलं असतं तर मी त्याला आयुष्यभर पुरेल असं टोपणनाव दिलं असतं.

कालक्रम गेला म्हणून गुरुजींची पद्धत काढली. घाटावरून क्रम लावायचा. एक फ्रेम जाड, काळी, चौकोनी. ती जुनी असणार. दोन बारीक तारेच्या, तीन अर्ध्या काठाच्या, मग पुन्हा जाड, गोल अशा तीन. फॅशन फिरून येते, त्यामुळे गोल या शेवटच्या. पलंगावर नऊ चष्मे ओळीत मांडले. नऊ माणसं न बोलता माझ्याकडे बघत आहेत असं काहीसं दिसलं, म्हणून वर पंचा टाकला.

निष्कर्ष: हे दादाचे स्वतःचे चष्मे. माणूस म्हातारा होतो, चष्मे बदलतो.

गॅलरीतून खात्री करून घेतली.

"चष्मा? त्यांना?" घरमालकीण हसली. "सत्तरीला आले तरी सुईत दोरा ओवायचे हो! माझा पण त्यांनीच ओवून दिलाय कितीदा. इथून टोपलीत सुई सोडायची, ते ओवून वर पाठवायचे."

निष्कर्ष कोसळला. गुरुजी कधीच खचत नसत. ते म्हणाले असते, मग डोंगरापलीकडून कुणीतरी आलं असणार.

रविवार, ९

सदर छापून आलं. विषय: स्क्रू. संपादकांचा निरोप आला, "फर्मास!"

मंगळवार, ११

आज कामाची वही सापडली. दुकानात करायला येणाऱ्या प्रत्येक चष्म्याची नोंद. रकाने दादाने पट्टीने आखलेले: तारीख, नाव, नंबर, कधी नेणार, 'चष्मा मिळाला' आणि त्याखाली गिऱ्हाइकाची सही, शेवटी शेरा. चष्मा हातात दिल्याशिवाय सही नाही आणि सहीशिवाय चष्मा नाही, असा दादाचा खाक्या. लहानपणी मी त्याच्याकडून पहिला चष्मा घेतला तेव्हा मलाही सही करायला लावली होती. मला सही येत नव्हती. तो म्हणाला, "मग चित्र काढ." मी बदक काढलं.

नऊ वर्षांच्या वह्या चाळल्या. दर वर्षी, ऐन उन्हाळ्यात, एक नोंद अशी:

नाव: आडवी रेघ. नंबर: त्याच्या सांकेतिक आकड्यांत. कधी नेणार: *येईल तेव्हा*. सही: कोरी. शेरा: मुंगी चिरडावी तसं काहीतरी बारीक, पेनाची शाई येतेय का बघितली असावी.

म्हणजे हे नऊ चष्मे एकाच गिऱ्हाइकाचे. ऑर्डर दर वर्षी दिली, नेला एकदाही नाही. आणि दादा दर वर्षी पुन्हा नवा करत राहिला. धंद्याच्या दृष्टीने हा शुद्ध गाढवपणा आहे. दादा गाढव नव्हता. मग हे गिऱ्हाईक कोण?

गल्ल्याच्या कप्प्यात बारीक अक्षरांची वीसेक कार्डं सापडली. हिच्याकडे आहे तसलीच. म्हणजे ही कार्डं सगळीकडे मिळत असणार. एकच वस्तू दोन ठिकाणी सापडली की गुरुजी त्याला प्रसार म्हणायचे.

गुरुवार, १३

माझ्या पंथाप्रमाणे काम केलं. तर्क आधी लिहिला, मग मापं घेतली. नऊही फ्रेमचा नाकावरचा पूल अरुंद, सगळ्यांचं माप एकच, अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नाही. काड्या आखूड. काचांवर ओरखडा नाही, पॅडं पिवळी पडलेली नाहीत. म्हणजे कधीच वापरलेले नाहीत. बारीक नाक, लहान डोकं.

संध्याकाळी घरमालकिणीला सहज विचारलं, दर उन्हाळ्यात कुणी यायचं का?

"यायची ना एक बाई. वर्षातून एकदा. वरून मला नुसती छत्री दिसायची, निळी, पांढऱ्या दांड्याची. आत जायची, अर्धा तास बसायची, जायची. त्या दिवशी त्यांच्याकडे यंत्राचा आवाज रात्रीपर्यंत." मग आवाज खाली आणून, म्हणजे अर्ध्या गल्लीलाच ऐकू जाईल इतका आणून, ती म्हणाली, "मी काही विचारलं नाही हो. एकटा माणूस."

घरी पळत आलो.

"दादाच्या आयुष्यात एक बाई होती!"

ही पीठ मळत होती. हात तसेच थांबले. "कोण?"

"माहीत नाही. बारीक नाकाची, लहान डोक्याची. दर वर्षी उन्हाळ्यात यायची. तो तिच्यासाठी चष्मा करायचा आणि ती न्यायचीच नाही. नऊ वर्षं! काय माणूस होता, बघ. आणि आपल्याला पत्ता नाही."

ही हसायला लागली. माझ्या तोंडावर इतकं हसताना मी हिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. हसता हसता पिठाच्या हाताने डोळे पुसले, आणि मग पुसतच राहिली.

"पीठ गेलं डोळ्यात," म्हणाली.

शुक्रवार, १४

झोप नाही. दादाला कुणीतरी होतं, याचा आनंद व्हायला हवा. पण मी शोधायला गेलो होतो मला, आणि सापडली ती. त्या खोलीत माझं काहीच नाही. फोटो नाही, पत्र नाही, माझं एकही पुस्तक नाही. शक्यता पहिली, कुणीच नाही, पक्की होत चालली आहे.

नऊ वर्षांपूर्वीचं कुठेतरी लिहून ठेवायला हवं. माझ्या निवडक सदरांना पारितोषिक मिळालं, सभागृह भरलं होतं, दादा तिसऱ्या रांगेत. इस्त्रीचा सदरा, खिशात पेन. भाषणात मी म्हणालो, "आमचे बंधू अख्ख्या गावाचे डोळे तपासतात, पण भिंतीवरच्या तक्त्याखेरीज त्यांनी आयुष्यात काही वाचलेलं नाही." सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी. मी खाली बघितलं, दादाही हसत होता. लोकांना वेळ लागला गप्प व्हायला. पुन्हा बघितलं तर खुर्ची रिकामी.

मी म्हटलं, येईल. रुसवा काढायला मी का जाऊ, मी काय खोटं बोललो? आधी महिना गेला, मग वर्ष, आणि मग इतकी वर्षं झाली की जाऊन काय बोलायचं हाच प्रश्न झाला.

वाक्य चांगलं होतं. घाट उत्तम, वजन योग्य ठिकाणी. आजही मला त्यातला एक शब्द बदलावासा वाटत नाही. सगळं वाक्यच बोललो नसतो तर बरं होतं, एवढंच.

रविवार, १६

कहाणीबाई मदतीला आल्या. न बोलावता आल्या. येताना रिकामी खोकी आणली, हे त्यांच्या पंथात बसतं का मी विचारलं नाही.

चष्मे त्यांना दाखवले, बाईची हकीकत सांगितली, तक्ता पुढे केला. त्यांनी तक्ता बाजूला ठेवला आणि एकेक घर उघडून आत बोट फिरवलं. चौथ्याच्या तळाशी बिजागरीत कागदाचा तुकडा अडकला होता, पंज्याएवढा. त्यांनी चिमट्याने सोडवला.

"सर, हे तुमचंच आहे."

माझं सदर. सहा वर्षांपूर्वीचं, रविवारचं. वरच्या कोपऱ्यात तारीखसुद्धा. मला हसू आलं आणि राग आला. "बघा! माझ्या लिखाणाची किंमत. पुडी बांधायला. सूडच उगवला म्हणा ना."

"बाकीचे कागद कुठे आहेत?"

"रद्दीत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. माझ्या एखाद्या उर्मट विद्यार्थ्याने दगडी कुऱ्हाडीने नारळ फोडला असता तर मी जसं बघितलं असतं तसं. "सर, तुम्ही नऊ तारखा रद्दीत दिल्या?"

मला तोवर सुचलंच नव्हतं. चष्म्यांचा क्रम लावायला मी अख्खा शनिवार फ्रेमच्या घाटाशी झटापट केली, आणि प्रत्येक चष्मा तारीख छापलेल्या कागदात गुंडाळून माझ्या हातात आला होता.

"तारखेचं सोडा," त्या हळूच म्हणाल्या. "माणूस पुडी बांधायला हाताला लागेल तो कागद घेतो. एकदा तुमचं पान लागलं तर योगायोग. पण नऊही वेळा हेच पान असेल तर?"

"तर काय?"

"तर मग चष्म्याला कागद गुंडाळला नव्हता, सर."

"ही कविता झाली," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. खोलीत आम्ही दोघंच होतो आणि मलाही हसू आलं नाही.

सोमवार, १७

रद्दीवाल्याकडे गेलो.

"सहा तारखेचं पोतं? साहेब, ते तर लगद्याच्या कारखान्यात गेलं. आता त्याचे पुठ्ठे झाले असतील."

"त्यात एका वर्तमानपत्राची काही पानं होती. रविवारची."

"पानं मी वाचत नाही, तोलतो." मग त्याला माझी दया आली असावी. "पण तुमच्या भावाकडे मी वर्षानुवर्षं जायचो ना. गठ्ठा बांधून तयार असायचा. रविवारचा पेपर मात्र त्यात कधीच नसायचा. मी एकदा म्हटलं पण, 'शेठ, रविवारचा जाड असतो, तोच काय ठेवून घेता?' तर म्हणाले, 'तो वाचायचा असतो.'"

परत येताना रस्ता दोनदा चुकलो. पंचवीस मिनिटांचा रस्ता.

नमुने: नऊ. नष्ट: आठ. नष्ट करणारा: मी. उरलेल्या एका नमुन्यावरून काहीही सिद्ध होत नाही, असं मी तीस वर्षं शिकवतो आहे.

गुरुवार, २०

सेफ्टी पिन आज तुटली. दादाच्या दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, दुसरा चष्मेवाला आहे. इतकी वर्षं त्याच्या पायरीवर पाय ठेवला नव्हता. आज ठेवला. नऊ चष्मेही पिशवीत घेतले. नंबर तरी कळेल, त्या बाईच्या वयाचा अंदाज येईल.

हा माणूस दादाहून तरुण, बोलका. "शेठनी मला यंत्र चालवायला शिकवलं, साहेब. समोरासमोर धंदा, तरी शिकवलं." चष्मे त्याने एकेक करून नंबर मोजायच्या यंत्राखाली धरले आणि मी वहीत उतरवत गेलो. जवळचा नंबर: एक, सव्वा, सव्वा, दीड, पावणेदोन, पावणेदोन, दोन, दोन, सव्वादोन. त्याच हिशेबाने ते ओळीत लावले. मी फॅशनवरून लावलेला क्रम साफ चुकीचा निघाला. जाड चौकोनी फ्रेम सगळ्यांत नवी होती.

"माणूस एकच आहे," तो म्हणाला. "चाळिशी लागल्यापासून वाढत गेलेला नंबर. आणि डावा डोळा बघा, नऊही काचांत तिरपा नंबर तोच, अंश न् अंश तोच. असा डोळा हजारात एखादा. बोटाच्या ठशासारखा असतो हा. बाई कशावरून म्हणता?"

"नाक बारीक आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं. नाकाकडे. मग म्हणाला, "तुमचा मोडलेला द्या इकडे, स्क्रू बसवून देतो." स्क्रू बसवला. आणि काय वाटलं कोण जाणे, परत देण्याआधी तो यंत्राखाली धरला. बराच वेळ धरला.

"साहेब," तो म्हणाला, "बसा जरा. पाणी देऊ?"

शुक्रवार, २१

काही लिहीत नाही.

रविवार, २३

सदर पाठवलं नाही. संपादकांचे तीन निरोप. तिसऱ्यात त्यांनी प्रकृतीची चौकशी केली आहे.

शेवटचा चष्मा, जाड चौकोनी, काल संध्याकाळी घातला. खिडकीत बसून माझाच एक जुना लेख वाचला. स्वच्छ. अक्षर न् अक्षर. हात लांब करावा लागला नाही. नऊ वर्षं मी जग कोपरापासून पुढे ढकलून वाचत होतो आणि त्याला वय म्हणत होतो.

तिसरी शक्यता मी लिहिली नव्हती. आता लिहितो: *ज्याची वाट बघावी असा.*

पण शास्त्रीय अडचण उरतेच. माझे डोळे न तपासता त्याने नंबर इतका अचूक काढला कसा? एकदा अंदाज लागेल, दोनदा लागेल. हिला विचारलं.

"भाऊजींचा धंदाच होता तो," ही म्हणाली.

"तरी पण, माणूस समोर नसताना? माप कुठून आणणार?"

"आणलं असेल कुठूनतरी." आणि कांदा चिरायला आत गेली. कांदे संपलेत, येताना आणा, असं सकाळीच मला म्हणाली होती. बराच वेळ आतून चिरल्याचा आवाज आला नाही.

ती निळ्या छत्रीची बाई मात्र तक्त्यात बसत नाही. प्रत्येक उत्खननात एखादी वस्तू अशी निघतेच, जिचं काय करायचं कुणाला कळत नाही. अहवालाच्या शेवटी 'इतर' म्हणून तिची नोंद करतात.

गुरुवार, २७

विभागात कहाणीबाईंना गाठलं. "तुमचं बरोबर होतं," म्हणालो. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा बोललो असेन ते मोजायला फूटपट्टी लागणार नाही.

त्या म्हणाल्या, "माझं काय बरोबर, सर? मी नुसतं विचारलं. यंत्राखाली धरल्याशिवाय कळलंच नसतं. आणि क्रम लावायचं तुमच्या गुरुजींनी शिकवलं नसतं तर तुम्ही ओळीत मांडलेच नसते."

तिघांना मिळून एक म्हातारा चष्मेवाला वाचायचा होता. तो तर सगळ्यांना वाचून बसला होता.

मी विचारलं, "ती तिसऱ्या रांगेतली खुर्ची. तो हसला होता, मी स्वतः बघितलं. ते हसू कसलं होतं, हे तुमच्या पंथाप्रमाणे कळेल?"

त्यांनी मान हलवली. "तेवढं राहिलं, सर."

रविवार, ३०

ऊन मरणाचं. निघताना हिने हातात छत्री दिली. दुकान रिकामं. यंत्र समोरच्याला दिलं. दादाने शिकवलेला हात त्यावर चालेल. तक्ता मी ठेवला. स्टूलही नेणार आहे, कुठे ठेवायचं माहीत नाही.

घरमालकीण गॅलरीत होती. "किल्ली टोपलीत टाका, प्राध्यापकसाहेब." टोपली खाली आली. मी किल्ली टाकायला वर बघितलं, तर ती माझ्याकडे नाही, छत्रीकडे बघत होती. निळी आहे, दांडा पांढरा. "ही छत्री..." ती म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "छान आहे हो. जपून ठेवा." बायकांना छत्र्यांचं काय कौतुक असतं!

"किल्ली पाच मिनिटांनी टाकतो," म्हणालो आणि पुन्हा आत गेलो.

एक काम राहिलं होतं. स्टुलावर बसलो. नऊ वह्या मांडीवर, नऊ चष्मे बाजूला, आता योग्य क्रमाने. पहिल्या वर्षाची वही उघडली, पहिल्या वर्षाचा चष्मा घातला. जवळचा नंबर एक. आजच्या माझ्या डोळ्यांना पान म्हणजे धुकं. 'चष्मा मिळाला' या रकान्यात चाचपडत सही केली. ती ओळीखाली घसरली. दुसरा चष्मा, दुसरी सही. तिसरा. पाचव्याला रेघा दिसू लागल्या. सातव्याला त्याने पट्टीने आखलेल्या रकान्यांचे कोपरे दिसले. आठव्याला 'येईल तेव्हा'मधली त्याची मात्रा ओळखू आली. ती तो कायम उलट्या बाजूने सुरू करायचा.

नववा, जाड चौकोनी. आता सगळं स्वच्छ. शेऱ्याच्या रकान्यातली चिरडलेली मुंगी मी आजवर शाईचा डाग समजत होतो. ते अक्षर होतं. उंच स्टुलावर वाकून, सुईत दोरा ओवणाऱ्या डोळ्यांनी लिहिलेलं, तांदळाच्या टोकाएवढं. मागच्या आठ वह्या पुन्हा उघडून बघितल्या. प्रत्येकीत तेच:

*उजव्या काडीचा स्क्रू दुहेरी बसवणे. हा पाडतो.*

काडी हलवून बघितली. घट्ट होती.

नवव्या ओळीत सही करायची होती. मी सहीऐवजी बदक काढलं.